बिनकानाचा कप

वीणा, तुझ्या घराची किल्ली अजून माझ्याच पर्समध्ये आहे. तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. ती श्रीधरला परत करायची म्हणून दोनदा तुमच्याकडे गेले आणि दोन्ही वेळा वरणभाताचा डबा ओट्यावर ठेवून किल्लीसकट घरी आले. त्यानेही ती मागितली नाही. त्याला बहुतेक कुणीतरी आत-बाहेर करायला हवं असतं.

इथल्या, मिशिगनच्या मराठी मंडळाने तुझ्यासाठी सभा घेतली. लोक चांगलं बोलले. तू हसतमुख होतीस, कलाकार होतीस, नोव्हायमधल्या निम्म्या मुलांना तू मातीचे गणपती करायला शिकवलंस, सगळं खरं. मग माझं नाव पुकारलं, ‘वीणाताईंची सगळ्यात जवळची मैत्रीण’ म्हणून. मी मागच्या रांगेत होते, उठलेच नाही. लोकांना वाटलं, कुंदाला बोलवत नाहीये. तसं काही नव्हतं. मला जे सांगायचं होतं ते तुला सांगायचं होतं, आणि तू दोन महिने रोज समोर बसलेली असताना मी ते सांगितलं नाही. तुझ्या त्या जपानी, हागीच्या कपाचं मी काय केलं, ते.

आपली ओळखच मुळी भांडी घासताना झाली. शाळेच्या कॅफेटेरियात मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता आणि नेहमीप्रमाणे मी किचन ताब्यात घेतलं होतं. कुणाच्या तरी दहीवड्यांचं एक तांबूस-काळपट पसरट भांडं आलं. एका बाजूने चांगलं करपलेलं. मी बाह्या वर करून तारेच्या घासणीने भिडले. पाच मिनिटं झाली तरी ते करपलेलं निघेना. मागून हसण्याचा आवाज आला.

“अगं, ते नाही निघणार. जपानमधल्या बिझेनचं आहे ते. भट्टीतच करपलंय, आणि त्यासाठीच लोक ते घेतात.”

“करपलेलं भांडं मुद्दाम घेतात? बाप्पा!”

“घास तू हवं तेवढं, त्याला काही होत नाही. माझं हागी असतं ना, तर मात्र मी इथेच रडले असते.”

हे वाक्य तू पहिल्या पाच मिनिटांत म्हणालीस, वीणा. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायचीही सोय नाही.

मग हळूहळू सगळं कळत गेलं. श्रीधरच्या कंपनीने त्याला गाड्यांच्या कारखान्यात चार वर्षं जपानला पाठवलं होतं. तुम्ही राहायचात तिथून हागी तासाभरावर. लेक ईरा शाळेत, नवरा कारखान्यात, भाषा येत नाही, म्हणून तू शनिवारच्या बसने हागीला एका म्हाताऱ्या कुंभाराकडे जायला लागलीस. त्याला तू नावाने कधी हाक मारली नाहीस, कायम सेन्सेई. त्याने पहिले सहा महिने तुला चाकाला हात लावू दिला नाही, नुसती माती मळायला लावली. मळता मळता मातीच्या गोळ्याला पाकळ्या पडतात, शेवंतीच्या फुलासारख्या. त्या नीट पडेपर्यंत तो ‘पुन्हा’ एवढंच म्हणायचा. तू पुण्याच्या कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवून आलेली बाई, आणि सहा महिने कुणीतरी तुला ‘पुन्हा’ म्हणतंय! मी असते तर दुसऱ्या शनिवारी घरी बसले असते.

निघताना त्याने तुला तो कप दिला. बिनकानाचा, दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढा. रंग फिकट, दुधात केशर जरा कमी पडावं तसा. बुडाच्या कड्याला मुद्दाम एक खाच पाडलेली. हलकं लाकडी खोकं, आणि त्यात हळदीने रंगवलेलं पिवळं फडकं, कीड लागू नये म्हणून. ते फडकं बघून मला तुझ्या जपान्यांबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. म्हटलं, चला, निदान हळद तरी कळते यांना.

आणि त्या कपाची तऱ्हा! नवा असताना तो गळतो. माती सच्छिद्र, वरच्या चकाकीला केसासारख्या बारीक भेगा, त्यातून चहा पाझरतो. तुझ्या सेन्सेईने सांगितलं होतं की रोज प्यायचं, तळाशी घोटभर तसाच राहू द्यायचा, लगेच धुवायचं नाही, साबण तर नाहीच. चहा भेगांमध्ये मुरतो, गळणं थांबतं आणि मग वर्षानुवर्षं कपाचा रंग बदलत जातो. त्याला हागीवाले ‘सात बदल’ म्हणतात. तू एकोणीस वर्षं त्यातून भाजलेल्या पानांचा तो बिनदुधाचा चहा प्यायलीस, ज्याला मी काढा म्हणायचे. आतून कप गडद तपकिरी झाला होता, जाळीजाळीचा, आणि तुझे ओठ टेकायचे तिथे काठाला जांभळट झाक आली होती.

मला तो घाणेरडा वाटायचा. हे तुला तोंडावर सांगितलंय, त्यामुळे आता लपवायचं कारण नाही.

आपलं भांडण त्यावरूनच होतं, आणि ते तसंच राहून गेलं. मी म्हणायचे, भांडं म्हणजे घासून पालथं घातलं की काल त्यात काय होतं ते कळता कामा नये. आमच्या घरी चिंच लावून घासलेल्या पितळी भांड्यांत तोंड दिसायचं. मातीचं भांडं तर एकदा उष्टं झालं की माझी आई ते परत वापरायची नाही, थेट उकिरड्यावर. तू म्हणायचीस, “म्हणजे तुला भांडं रोज नवं हवं. कालचं काही आठवायलाच नको त्याने.” मी म्हणायचे, “हो, भांडं आहे ते, डायरी नाही.” मग तू हात जोडायचीस आणि मला माझा दूध-आल्याचा चहा स्टीलच्या पेल्यात द्यायचीस. तुझ्याकडे माझ्यासाठी वेगळा स्टीलचा पेला होता.

डेट्रॉईटच्या म्युझियममधला तो दिवस आठवतो? जपानच्या दालनात तू मला एकेका भांड्यापुढे उभं केलंस. शिगाराकीचा मोठा रांजण, अंगावर पांढरे खडे तसेच फुटून वर आलेले. तू काचेला नाक लावून म्हणालीस, “बघ, जाळ डावीकडून आला. ही राख उडून इथे बसली आणि वितळली.” मग बिझेन, मग करात्सू, मग आरिताची पांढरीशुभ्र बशी, निळ्या बारीक फुलांची. मी तिथेच थांबले. म्हटलं, हे खरं भांडं. तू एवढी हसलीस की गार्ड आला. “नागपूरची असून तुला आरिता आवडतं? अगं, बिझेन म्हणजे तुमचं नागपूर. उन्हात तापून, तोंडावर स्पष्ट. आरिता म्हणजे आम्ही पेठेतले, नीटनेटके, हात लावू नका.”

“आणि हागी?”

“हागी ज्याच्याकडे राहायला जातं, त्याच्यासारखं होतं.”

मी तेव्हा ऐकून सोडून दिलं. मला भूक लागली होती.

डिसेंबरच्या शेवटी तुला हॉस्पिटलमध्ये ठेवलं. नऊ दिवस. केमोने तुझ्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या होत्या. ईरा डब्लिनहून, ओहायोतून, रोज फोन करायची. “मावशी, प्लीज, आई घरी यायच्या आधी किचन एकदम क्लीन हवं. इन्फेक्शन झालं तर डॉक्टर म्हणतात इट्स ओव्हर.” तिला काय, ती ज्या बाईला हे सांगत होती ती आयुष्यभर याच सूचनेची वाट बघत होती. मी तुझ्या घरात शिरले आणि कामाला लागले. फ्रिज रिकामा केला, कपाटं पुसली, डबे उकळले, चमचेसुद्धा उकळले. सिंकशेजारी तो कप होता, तळाशी वाळलेला चहा, नऊ दिवसांचा. मला शिसारी आली. पातेल्यात पाणी घेतलं, मूठभर खायचा सोडा टाकला, कप त्यात सोडला आणि अर्धा तास उकळला. मग लिंबाची फोड आणि मऊ घासणी. मग पुन्हा सोडा.

पाणी काळं झालं तेव्हा मला आनंद झाला, वीणा. मी खरं सांगतेय. मला वाटलं, बघ, किती घाण निघाली.

कप बाहेर काढून पुसला आणि खिडकीपाशी धरला. आतून फिकट, केशर कमी पडलेल्या दुधासारखा, नवाकोरा. तो एकोणीस वर्षांपूर्वी कसा होता ते तू मला तोंडाने सांगितलं होतंस, आता मी डोळ्यांनी बघत होते. काठाची ती जांभळट झाकसुद्धा गेली होती. मी तिथेच स्टुलावर बसले. बाहेर श्रीधर ड्राइव्ह-वे मधला बर्फ काढत होता, त्याच्या फावड्याचा आवाज येत होता. मला वाटलं, त्याला सांगावं. मग वाटलं, त्याच्या डोक्याला आधीच काय कमी आहे?

मग मी काय केलं ते ऐक. तुझी चहाची पानं घेतली, डांबरासारखा चहा उकळला आणि कप त्यात बुडवून ठेवला. संध्याकाळी काढला तर त्याला नुसता एकसारखा पिवळट रंग चढला होता, जुन्या बनियनसारखा. तोही मी धुऊन टाकला. मी चौसष्ट वर्षांची बाई, दोन नातवंडं आहेत मला, आणि फुलदाणी फोडलेल्या पोरीसारखी पुरावा लपवत होते.

तू घरी आलीस. खुर्चीत बसल्यावर पहिलं काय मागितलंस तर चहा. मी कप काठोकाठ भरला, म्हणजे आतलं दिसू नये. त्यानंतर रोज काठोकाठच भरला. बाहेरूनही तो उजळला होता, पण औषधांनी तुला पुसट दिसतं असं तू म्हणाली होतीस, आणि तुझ्या त्या पुसट दिसण्याचा मी आधार घेतला. कसली मैत्रीण मी! तू कप ओंजळीत धरलास, बराच वेळ नुसता धरून बसलीस, एक घोट घेतलास आणि म्हणालीस, “मस्त झालाय गं.”

दुसऱ्या दिवशी कपाखाली ते हळदीचं फडकं होतं.

“हे कशाला?”

“हात थरथरतो माझा. सांडतो चहा. टेबल खराब नको.”

मी त्या थरथरणाऱ्या हाताचं किती दुःख केलं! घरी जाऊन आमच्या ह्यांना सांगितलं, ज्या हातांनी तिने चाकावर एवढी माती उचलली ते हात बघवत नाहीत. फडक्यावर रोज एक तपकिरी वर्तुळ वाढायचं. मी धुवायला मागितलं तर तू म्हणायचीस, “राहू दे.” कपाच्या तळाशी रोज घोटभर चहा उरवायचीस. मला वाटायचं, भूक मेलीय, तहान मेलीय. तू म्हणायचीस, “तो कप राहू दे ना जरा तसाच, कुंदा. नंतर धू.” आणि मी तो उचलून सिंकमध्ये ओतायचे.

“मुंग्या येतात.”

“मिशिगनमध्ये, जानेवारीत?”

“येतात,” मी म्हणायचे, आणि नळ सोडायचे.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. रोज मी ठरवून यायचे, आज सांगायचं. रोज तू काहीतरी बोलायला लागायचीस, सेन्सेईचं, ईराच्या बॉसचं, माझ्या सुनेचं. एकदा तर मी तोंड उघडलंच होतं, “वीणा, तुझा तो कप...” आणि तू लगेच म्हणालीस, “भरून दे ना अजून.” मी उठले. मला सुटल्यासारखं वाटलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तू गेलीस, दुपारी, श्रीधर औषध आणायला गेला होता आणि मी तुझ्या उशांचे अभ्रे बदलत होते. शेवटच्या घटकेलाही मी काहीतरी स्वच्छच करत होते.

काल ईरा आली. डब्लिनला परत जायच्या आधी तिने ते लाकडी खोकं माझ्या हातात ठेवलं.

“मावशी, हे तुझं. आईने क्लिअरली सांगितलं होतं, कुंदालाच द्यायचं. आणि खाली काहीतरी ठेव हां. इट लीक्स.”

“गळतो? कधीपासून?”

“हॉस्पिटलमधून घरी आली ना, त्याच दिवसापासून. मला फोन केला होता तिने. शी वॉज लाइक, ईरा, कप पुन्हा गळायला लागलाय, पहिल्या वर्षासारखा.”

मी म्हटलं, “अगं, तिचा हात थरथरायचा. म्हणून सांडायचा तो.”

“हात?” ईरा माझ्याकडे बघतच राहिली. “नाही, मावशी. आईचे हात लास्टपर्यंत स्टेडी होते. फेब्रुवारीत तिनेच माझे केस कापले. हे बघ, किती स्ट्रेट आहेत.”

तिने मान वळवून दाखवलं. सरळ रेष होती, वीणा. पट्टी लावून मारावी तशी.

मग मी पोरीपुढे रडले. तिला सगळं सांगितलं, सोडा, लिंबू, डांबरासारखा चहा. ती म्हणाली, “आय नो. आईला कळलं होतं. मी म्हटलं, मावशीला सांग ना मग, शी मस्ट बी फीलिंग सो बॅड. तर म्हणाली, नको. मला कळलंय हे तिला कळलं तर ती लाजेने यायची बंद होईल. आणि मला ती यायला हवीय.”

मी काल दिवसभर तुझ्यावर चिडले होते. तू कोण मला न विचारता माफ करणारी? चार शब्द सुनवायचे होतेस. म्हणायचं होतंस, कुंदे, एकोणीस वर्षं उकळलीस तू माझी. मी ऐकून घेतलं असतं, रडले असते, दुसऱ्या दिवशी पुन्हा आले असते. आलेच असते! असं दिवसभर घोकत होते. आज सकाळी उठल्यावर वाटलं, नसते आले. डबा श्रीधरच्या हाती पाठवला असता, दार उघडून आत डोकावले नसते, आणि मुलांना सांगितलं असतं की आजारी माणसाला त्रास नको. तू मला माझ्यापेक्षा चांगलं ओळखत होतीस. मग तुझा राग यायचा बंद झाला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट आहे.

कारण आणखी एक गोष्ट मला कळायला एवढे दिवस लागले. तो तळाशी उरवलेला घोट. तुझी तहान मेली नव्हती. सेन्सेईने सांगितलं होतं तसं तू पहिल्यापासून सुरुवात केली होतीस. दोनच महिने हातात आहेत हे माहीत असून, एकोणीस वर्षांचं काम तू पुन्हा पहिल्या दिवसापासून करायला घेतलं होतंस. आणि तू रोज जे मुरायला ठेवायचीस ते मी रोज, तुझ्यासमोर, साबण लावून धुऊन टाकत होते. एकदा चूक केली म्हणावं, तर मी ती साठ वेळा केली. तू तेव्हाही काही बोलली नाहीस, फक्त मुंग्यांबद्दल विचारलंस.

आज सकाळी तो काढा केला. ईराने तुझी पानं दिलीयत, डब्यावर तुझ्या अक्षरात ‘कुंदाने हात लावू नये’ असं लिहिलंय. कप काठोकाठ भरला, सवयीने. मग लक्षात आलं, आता कुणापासून लपवायचंय? टेबलावर हळदीचं फडकं पसरलं. त्याच्यावर तुझी वर्तुळं आहेत, एकमेकांत गेलेली. मी मोजली नाहीत. थोड्या वेळाने बुडाच्या खाचेपाशी एक थेंब जमला आणि तुझ्या वर्तुळांच्या बाजूला माझं ओलं वर्तुळ उमटलं. चव मला अजूनही आवडली नाही. जळकं लाकूड चघळल्यासारखी आहे, आणि तुला मी खोटं सांगणार नाही, निदान आता तरी.

चुकलं माझं, वीणा. हे दोन शब्द होते. एवढेच म्हणायचे होते.

तो कप पुन्हा तुझ्यासारखा व्हायला एकोणीस वर्षं लागतील. मी तेव्हा त्र्याऐंशीची असेन, म्हणजे असलेच तर. आणि तरीही तो माझ्यासारखा होईल, तुझ्यासारखा नाही. तुझं जे होतं ते मी सिंकमध्ये ओतलं.

आता दुपारचे तीन वाजलेत. सकाळचा घोटभर चहा कपाच्या तळाशी अजून तसाच आहे. मी दोनदा उठले, दोनदा सिंकपर्यंत गेले, आणि रिकाम्या हाताने परत येऊन बसले.